कोऱ्या डिस्कवरची क्रिकेट मॅच

मी अंधश्रद्धेविरुद्ध पत्रकं वाटणारा माणूस आहे. आमचं बौद्ध दीक्षा घेतलेलं घर, तिथे देव्हारा नाही की अंगारा नाही. अर्जुनी मोरगावच्या बस स्टँडवर भोंदूंविरुद्ध ओरडून मी घसा फोडलाय. या सदरातले ‘पांढरी बाई दिसली’ छाप अनुभव वाचून संपादकांना दोनदा संतापून पत्रंही पाठवलीत. आज स्वतःच लिहितोय. हसायचं तर हसा... वाद घालायचा मला आता कंटाळा आलाय.

२००९ ची गोष्ट. दिवाळी झाली होती, गावोगावच्या मंडया, म्हणजे आमच्याकडच्या दिवाळीनंतरच्या जत्रा, तोंडावर आल्या होत्या. माझा चुलतभाऊ विलासदादा अर्जुनीत व्हिडिओ गेमचं दुकान चालवायचा. दोन टीव्ही, दोन कन्सोल, चार प्लास्टिकच्या खुर्च्या. त्या पावसाळ्यात तो तापानं गेला आणि दुकान मंदावहिनी बघू लागली.

दादाची एक शिस्त होती. मूळ डिस्क गिऱ्हाइकापुढे काढायची नाही. ओल लागू नये म्हणून ती घरी तांदळाच्या कोठीत खुपसलेली असायची, आणि दुकानात फक्त त्यानं स्वतः बनवलेल्या कॉप्या. तो गेला तेव्हा घरात पाहुणे, रांधायची घाई... कुणीतरी तांदूळ काढायला कोठीत पायली खुपसली आणि क्रिकेटची मूळ डिस्क तडकली. पोरं येत ती क्रिकेटसाठीच!

त्यात स्टेशनकडच्या नव्या दुकानदारानं उठवून दिलं, की कॉपी डिस्कनं कन्सोलची लेन्स जळते, टीव्हीसुद्धा उडतो. वहिनी घाबरली. माझ्याकडे कॉम्प्युटर, म्हणून मला बोलावलं.

“भाऊजी, एकदा तपासून द्या ना मले. मंडईत चार गावची पोरं येतेत. मशीनच जळली त दुकान कशावर चालवू?”

मी भडकलो. अफवा म्हटली की माझं डोकं फिरतंच. दुसऱ्या दिवशी दुपारी अख्खा कॉम्प्युटर उचलून दुकानात आणला. पद्धत साधी — प्रत्येक कॉपी कॉम्प्युटरमध्ये घालायची, शेवटपर्यंत वाचली जाते का बघायचं, मग कन्सोलवर लावायची. अकरा कॉप्या ठणठणीत निघाल्या, लेन्सलाही काही झालं नाही. बारावी क्रिकेटची, एकुलती एक. वर दादाच्या अक्षरात ‘क्रिकेट – चेक केली’.

कॉम्प्युटरनं दाखवलं: डिस्क कोरी आहे.

उलटून पाहिली. लिहिलेल्या डिस्कच्या पाठीवर गडद रंगाचं कडं दिसतं. हिच्यावर काहीच नाही... आरशासारखी.

“वहिनी, ही रिकामी आहे. दादानं चुकून नाव टाकलं.”

“रिकामी कशी? कालच त चालली.”

तिनं डिस्क माझ्या हातातून घेतली आणि कन्सोलमध्ये ठेवली. स्टेडियम आलं. टॉस झाला. खुर्चीत बसलेला कॉलेजचा पोट्टा खिदळला, “भैया, आपका कंप्यूटरच डब्बा है!”

मग मी कन्सोलचा प्लग काढला, मेमरी कार्ड काढून खिशात घातलं, परत लावली. चालली. दुसऱ्या कन्सोलवर लावली. चालली. दादाच्याच पुडक्यातली दुसरी कोरी डिस्क लावली, ती नाही चालली. शेजारच्या झेरॉक्सवाल्याच्या कॉम्प्युटरमध्ये घालून पाहिली, तोही म्हणे कोरी. तीन तास हेच.

“राहू द्या आता, भाऊजी. चालून राहिली ना? मशीनले काई झालं नाई. कायले खोदून राहिले?”

इथे थांबायला हवं होतं. पण आमच्या शिबिरात शिकवतात, दावा तपासताना पळवाट ठेवायची नाही. मला सुचलं — कोरी असेल तरच हिच्यावर लिहिता येईल. भरलेली असेल तर कॉम्प्युटर नकार देईल, आणि नकारच येणार याची मला खात्री होती. म्हणजे वाचण्यातच काहीतरी गफलत, विषय संपला. कॉम्प्युटरवर आमच्या पत्रकांचं फोल्डर हाताशीच होतं. वहिनी चहा करायला आत गेली होती. मी बटण दाबलं.

नकार आला नाही. टक्के चढत गेले. डिस्क बाहेर आली तेव्हा पाठीवर, मधल्या भोकाजवळ, बारीक गडद कडं उमटलं होतं.

कन्सोलमध्ये लावली. काळा पडदा.

वहिनीनं चहा खाली ठेवला. डिस्क पदरानं पुसून एका मशीनमध्ये लावली, मग दुसऱ्या. परत पुसली.

“काय केलं हिले?”

“हिच्यावर लिहिलं. कोरी आहे का बघायला.”

“चालत होती ना, भाऊजी? मंग काऊन लिहिलं?”

मंडईला पोरं आली. क्रिकेट नाही म्हटल्यावर स्टेशनकडे गेली. उन्हाळ्याआधीच दुकान बंद झालं. वहिनी आता शाळेत खिचडी शिजवते. माझ्याशी बोलते... नीट बोलते.

मी जाणकारांना विचारलं. एक म्हणाला तुझा ड्राइव्ह खराब, एक म्हणाला तू डिस्क अदलाबदल केली असशील. ‘दादाचा आत्मा’ म्हणणाऱ्यांना मी आजही दारातून हाकलतो. पण कोरी डिस्क चालली कशी, हे मला माहीत नाही, आणि तपासायलाही आता काही उरलेलं नाही.

डिस्कवर का लिहिलं, ते मात्र माहीत आहे. त्या खिदळणाऱ्या पोट्ट्यासमोर मला चूक ठरायचं नव्हतं. वहिनीला हे अजून सांगितलेलं नाही.