येलवालच्या वाटेवरच्या समाध्या आणि माझा विळा

म्हैसूरला गेले ती बाबांसाठी. खापरपणजोबा म्हैसूरच्या घोडदळात होते. येलवालच्या वाटेवरल्या त्यांच्या समाधीला चुना लावायचा राहिला, हे बाबा शेवटपर्यंत म्हणत. ते गेल्यावर दोन वर्षांनी, पितृपंधरवड्यात, मी निघाले. पुण्याहून रेल्वेने एक रात्र आणि जवळजवळ पुढचा अख्खा दिवस जातो. जेवण बरोबर घ्या.

बाबांचे चुलतभाऊ श्रीपतीकाका तिथे मास्तर होते. निवृत्तीनंतर आमच्या घराण्यांची ती जुनी दफनभूमी तेच सांभाळतात. सकाळी सेट डोसा आणि सागू, म्हणजे भाज्यांचा रस्सा, खाऊन देवराज मोहल्ल्यातून चुना, ब्रश आणि विळा घेतला. विळा पाहून काकांचा चेहरा उतरला. मग सिटी बस पकडली. ऑटोने जाऊ नका, परतीचेही पैसे मागतात.

आभाळ भरलेलं, कमरेइतकं गवत, त्यात बुडालेले झिजके दगड. मला आधी रागच आला, ही कसली देखभाल! सर्वपित्री अमावास्येआधी घरोघरचे लोक येऊन गवत कापायचे, जाळायचे, समाध्या पांढऱ्या करायचे, ही आमच्याकडची चाल. काकांनी पाच वर्षं उंबरे झिजवून जाळणं बंद केलं होतं. वरची बाजू अमावास्येला कापायची, खालची दिवाळीनंतर, कारण तिथे गवतात लाव्हे पक्षी अंडी घालतात, असं सगळ्यांनी कबूल केलं होतं. आमची समाधी नेमकी खालच्या बाजूला.

"स्वल्प थांब गं," काका म्हणाले. "आत्ता बेडा, कापू नको. दिवाळीनंतर ये."

"मला परवा निघायचंय, काका. रजा कुठून आणू?"

"आपल्याच घरच्यांनी कापलं तर मी लोकांना कुठल्या तोंडानं सांगू?"

"वाटेपुरतंच कापते."

सुंभ जळला तरी पीळ जात नाही, तशातली मी. चारपाच मुठी कापल्या आणि पायाशी काहीतरी फडफडून उडालं. जमिनीवरच्या खळग्यात ठिपक्यांची चार अंडी होती. दोन माझ्या विळ्याने फुटली होती.

काका खळग्याशी उकिडवे बसले. "नर होता तो. ह्यांच्यात बापच अंडी उबवतो, गोत्ता, ठाऊक आहे? आई निघून जाते."

आम्ही फाटकाशी जाऊन तासभर थांबलो. लाव्हा परतला नाही, कावळा आला. वरच्या बाजूला आलेल्या एक बाई सगळं पाहत होत्या. "मेष्ट्रे, तुमच्या घरच्यांना चालतंय की!" त्या काकांना म्हणाल्या.  आणि मी, लाज वाटते सांगायला, तरीही चुना लावलाच. फोटो घरच्या ग्रुपवर टाकला. सगळ्यांनी हात जोडले.

तुम्ही जाणार असाल तर थंडीत जा. वाट आहे तेवढीच चाला आणि समाधी दिसली नाही तर लांबूनच नमस्कार करा. मला कोणी सांगितलं नव्हतं असं म्हणायची सोय नाही.

अमावास्येनंतर काकांचा फोन आला. त्यांना मी दोन दिवस फोन करायचं टाळत होते.

"सगळे विळे घेऊन आले," ते म्हणाले. "खालचं पण कापलं, जाळलं. मी अडवलं नाही. काय म्हणून अडवू?"

मला रडू आलं. ते ऐकून त्यांचा आवाज मऊ झाला.

"रडू नको मा. दिवाळीला येतेस तर ये. आता कुठल्याबी समाधीपर्यंत सरळ जाता येतं."