मामीची न घेतलेली गाडी

मामी रागावली की शुद्ध मराठीत बोलायची. एरवी घरात, वाडीत, बाजारात आमची वाडवळी बोली, आणि मामीच्या तोंडून ती ऐकत राहावी अशी. पण राग आला की बाई एकदम शाळेच्या पुस्तकात शिरायची. मामाला 'आपण' म्हणू लागायची. "आपण जेवून घ्यावे, आमटी चुलीवर आहे," एवढं कानावर आलं की आम्ही भाचरं आपापली ताटं उचलून ओटीवर पळायचो. भुईगावातल्या त्या घरात आरडाओरडा म्हणून कधी झाला नाही. त्याची गरजच पडत नसे.

वाडी मामीच बघायची. मामा सकाळी मुंबईला हापिसात जायचा तो दिवेलागणीला परत. सोनचाफा, केळी, पडवळाचे मांडव, विहिरीवरचा पंप, कामाच्या बायका, सगळं हिच्या अंगावर. चालणं असं की बरोबरच्याला धाप लागावी. "मागं राहायला मी काय बैलगाडी आहे, बाय?" मला म्हणायची. पन्नाशीला टेकल्यावर तिने कोणाला न विचारता वसईत जाऊन मोटार चालवायला शिकून घेतलं. शिकवणारा मला म्हणाला, "तुमच्या मामींना ब्रेक कुठे आहे ते माहितीये, पण त्यांना तो आवडत नाही." लायसन्स आलं त्या दिवशी तिने शेजारीपाजारी पेढे वाटले. तिची म्हातारी आई अर्नाळ्याला एकटी राहायची. मनात येईल तेव्हा, कोणाच्या तोंडाकडे न बघता, आईला भेटून यायचं, एवढंच तिला हवं होतं.

दोन हजार साल उलटून गेलं होतं, घरोघरी गाड्या यायला लागल्या होत्या. मामीने आपली गाडी मनात पक्की केली होती. छोटी, बुटकी, लाल, पिकअप जबरदस्त, आमच्या बोळात झटक्यात वळेल अशी. मामाला हवी होती नवी निघालेली उंच गाडी, जीपचा आव आणणारी. का, तर पाणी. वसईत माणूस घर घेवो की फ्रीज, आधी विचारणार, पाणी कुठपर्यंत येतं. एका मोठ्या पावसात आमच्या फाटकाच्या खांबावर पाण्याची रेघ उठली होती. मामाने त्या रेघेच्या मापाची बांबूची कामटी कापली आणि चक्क शोरूममध्ये नेली. मी बरोबर होते. मला तर मेल्याहून मेल्यासारखं झालं.

कामटी लाल गाडीशेजारी उभी केली, तर पाणी दारातून आत. उंच गाडीशेजारी उभी केली, तर दाराची कड चार बोटं वर. झालं, लागला निकाल. मामी तोवर लाल गाडीचं स्टेअरिंग धरून बसली होती. पाय नीट पोचत होते, तोंडावर हसू मावत नव्हतं. "ही माझ्या मापाची आहे," ती म्हणाली. विकणारा पोरगा तिच्याकडे न बघता मामाला सांगत होता, "सर, मोठ्या गाडीत मॅडमना मागे ऐसपैस बसता येईल." मामी खाली उतरली. "पाणी भरतं चार दिवस. बाकी वर्षभर मी काय करू?" मामा म्हणाला, "तुला काय कळतंय त्यातलं." हे वाक्य आठवलं की आजही माझ्या डोक्यात तिडीक जाते. ज्या चाफ्याच्या पैशांवर गाडी येणार होती, तो चाफा कोण तोडत होतं?

उंच गाडी आली. मामीचा पाय क्लचला पोचेना, तर तिने पाठीशी उशी घेऊन चालवून बघितली. एकदा बोळात आरसा कुंपणाला घासला, आणि त्या दिवसापासून किल्ली मामाच्या शर्टाच्या खिशात गेली. मामा हापिसात, किल्ली हापिसात, गाडी दारात. "नाकापेक्षा मोती जड," मामी म्हणायची आणि भाजीची पाटी उचलून नाक्यावर चालत जायची. आणि पाणी यायचं तेव्हा? आभाळ दाटलं की मामा गाडी नेऊन पुलाच्या चढावर लावायचा आणि गुडघाभर पाण्यातून चालत घरी यायचा. नवी गाडी पाण्यात कशाला घालायची, म्हणे. आता यावर माणसाने काय बोलावं.

एका दुपारी अर्नाळ्याहून शेजारणीचा फोन आला, म्हातारीला श्वास घेता येत नाहीये. गाडी दारात होती. मामी अनवाणी नाक्यापर्यंत पळाली, रिक्षा मिळेना, मग एसटी. ती पोचली तोवर आई गेली होती. संध्याकाळी मामा उंच गाडी घेऊन अर्नाळ्याला आला. म्हणाला, "मला फोन करायचास ना." मामी म्हणाली, "आपण आलात, बरे झाले." त्यानंतर ती नवऱ्याशी वाडवळीत कधीच बोलली नाही.

पुढे काही वर्षांनी मामी तापाचं निमित्त होऊन गेली. बाराव्याला ओटीवर माणसं बसली होती आणि मी चहा देत होते. मामा कोणालातरी सांगत होता, "लायसन्स काढलं होतं हो तिनं. पण बिचारीला गाडीची भीती फार." पाहुणे हळहळले. बायकांना वाटतेच भीती, असंही कोणी म्हणालं. मी ट्रे खाली ठेवला. "मामा, तिला भीती नव्हती. तू तिला किल्ली दिली नाहीस."

माझी आई म्हणाली, "गप बस, आज दिवस काय आहे?" पण आज नाही तर कधी बोलायचं होतं?

माणसं उठून गेल्यावर मामा माझ्याजवळ येऊन बसला. मग खाली बघत म्हणाला, "तिचा वेग बघितला होतास ना तू. एकदा गेली असती, तर माझ्यासाठी परत आली नसती गं."

मला त्याची दया यायला हवी होती. आली नाही. मी उठले आणि चहाचे कप विसळायला विहिरीवर गेले.