रूथमावशींचा जिना

सकाळी सातला बेल वाजली. दारात सत्तरीच्या एक बाई उभ्या होत्या, पांढरी सुती साडी आणि पायांत स्पोर्ट्स शूज. "मी रूथ साळवे, समोरच्या विकासची आई. आमच्या घराला जिना नाही. तुमचा रोज अर्धा तास वापरला तर चालेल का?" इथे अमेरिकेत, आमच्या प्लेनोत, शेजारी फार तर शिडी मागतात. जिना मागायला आलेलं माणूस मी पहिल्यांदाच पाहिलं.

मावशी मूळच्या नगरच्या. तिथल्या हॉस्पिटलात त्यांनी तीस वर्षं नर्सची नोकरी केली. ऑपरेशननंतर पेशंट कुरकुरला की त्या म्हणायच्या, "उठा, पलंगाला कंटाळा आलाय तुमचा." आता त्यांच्याच दोन्ही गुडघ्यांची ऑपरेशनं झाली होती, आणि त्यांना यार्देनला जायचं होतं. यार्देन म्हणजे जॉर्डन नदी. येशूचा बाप्तिस्मा झाला त्या काठावर शेकडो वर्षं यात्रेकरू येतात, पायऱ्या उतरून पाण्यात उभे राहतात. साळवेकाकांबरोबर जायचं ठरलं होतं, पण काका आधीच गेले. "त्यांचं राहिलं, माझं राहू द्यायचं नाही," मावशी म्हणाल्या. "आणि पाण्यात उतरेन ती माझ्या पायांनी."

आमच्या जिन्याला चौदा पायऱ्या. पहिल्या आठवड्यात मावशी दोन उतरायच्या आणि घामाघूम होऊन तिथेच बसायच्या. मी मीटिंगच्या घाईत कॉफी आणि फोन घेऊन धडधडत खाली आले की ओरडायच्या, "मेधा, एका हातात फोन, दुसऱ्यात कप. कठडा कोण धरणार, मी?" चार महिन्यांनी त्या चौदाही पायऱ्या न थांबता उतरल्या आणि म्हणाल्या, "आज चहात साखर घाल."

विकासला मात्र भरवसा नव्हता. "मम्मी, तिथे काठावर व्हीलचेअर बुक केलीये. रिस्क नको." त्याला स्वतःला जाता येत नव्हतं, देशाबाहेर गेल्यावर व्हिसाचं स्टॅम्पिंग अडकलं तर परत येणं मुश्किल, नोकरीही जायची. माझ्याकडे इथला पासपोर्ट होता, म्हणून मी निघाले. मी देवळातसुद्धा न जाणारी बाई. पण त्या चौदा पायऱ्यांनी मलाही ओढलं होतं.

नदी पाहून मावशी म्हणाल्या, "एवढीशीच? आमच्या नगरच्या सीना नदीएवढी तर आहे." मग बूट काढून त्यांनी कठडा धरला. तिथला माणूस हात द्यायला पुढे आला, त्याला मानेनंच नको म्हटलं. माझ्या घरात पुटपुटायच्या तशाच पायऱ्या मोजत त्या उतरल्या. पाणी घोट्यापर्यंत आलं, गुडघ्यांपर्यंत आलं, कमरेपर्यंत आलं. मग ताठ उभ्या राहून, आसपासच्या गर्दीची पर्वा न करता त्या मोठ्यानं म्हणाल्या, "अहो, आले मी."

मला रडू फुटलं. विकासला दिसावं म्हणून मी दोन्ही हातांनी फोन धरून पायऱ्या उतरत होते. शेवाळलेल्या पायरीवर पाय सटकला आणि मी धाडकन बसले.

फोनमधून विकासचा आवाज आला, "काय झालं? मम्मी पडली का?"

"मम्मी नाही, मेधा," मावशी पाण्यातून वर येत म्हणाल्या. माझा घोटा चाचपून त्यांनी माझीच ओढणी त्यावर घट्ट बांधली. "व्हीलचेअर बुक केलीस ते बरं केलंस." आणि निथळत्या साडीनिशी, अनवाणी, त्यांनी मला आधार देत पायऱ्या चढवलं, व्हीलचेअरवर बसवलं आणि ढकलत गाडीपर्यंत आणलं. त्यांच्या चेहऱ्यावरचा आनंद माझ्या घोट्यामुळे तसूभरही कमी झाला नव्हता.

प्लेनोला परतल्यावर मी प्लॅस्टर घालून वरच्या खोलीत पडून राहिले. डॉक्टरांनी कुबडीवर चालायला सांगितलं तरी मी दोन दिवस पलंग सोडला नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी सातला बेल वाजली. नवऱ्यानं दार उघडलं. जिन्यावर पावलं ऐकू आली, आणि मी पडल्या पडल्या मोजली. चौदा, एकदाही न थांबता. मावशी दारात येऊन उभ्या राहिल्या.

"ऊठ," त्या म्हणाल्या, "पलंगाला कंटाळा आलाय तुझा."