पाहुण्यासाठी नटवलेली होडी

आमच्या समोरच्या भाऊजींना सगळी गल्ली ‘आरमार’ म्हणते. त्यांच्याकडे एक होडी आहे, एवढंच. त्या होडीतून ते लोकांना नदीपलीकडे पोचवतात. पण उतारूला चढू देण्याआधी त्याचे बूट बघतात. चिखल दिसला की आधी फडकं, मग नदी. घरीही तेच. त्यांच्याकडे चहा पिताना मी कप घट्ट धरून बसते, नाहीतर अर्ध्यातच विसळायला जातो.

तर वादळात होडी धक्क्यावर आपटली आणि तिची एक बाजू पार फुटली. विमा होता. कंपनीचा सर्व्हेअर नुकसान बघायला येणार असा निरोप आला, आणि तिथेच घोळ झाला. पाहुणा येणार, त्याला असली अवकळा दाखवायची? आरमारांनी फुटक्या फळ्या उपटून फेकल्या (फुकटचं काही मी सोडत नाही, ते पुढे येईलच), त्यांच्या जागी खोक्यांच्या पातळ फळ्या ठोकल्या आणि वर झकास निळा रंग दिला. सर्व्हेअरने होडीचं तोंडभरून कौतुक केलं. मग कंपनीने कळवलं, नुकसान आढळलं नाही, क्लेम नामंजूर.

“त्याचे बूटसुद्धा पुसले असतील तुम्ही,” त्यांची बायको, म्हणजे आमच्या वहिनी, म्हणाल्या.

“एकच. दुसरा स्वच्छ होता.”

हसून झालं, पण त्या पातळ फळ्यांतून पाणी आत यायचं. पक्की बाजू बांधल्याशिवाय उतारू नेता येईना, आणि विम्याशिवाय ती बांधता येईना. होडी खुंटीला, आरमार घरात. त्यांनी डबे इतके घासले की वहिनींना कशात काय आहे ते कळेना. वरची नावंच गेली. शेवटी वहिनींनीच त्यांना कंपनीकडे पिटाळलं, फेरतपासणी मागायला.

या वेळी अधिकारी बाई आल्या. बैठक माझ्या अंगणात, कारण समोर फरशी ओली होती.

“फुटलेल्या फळ्या कुठायत?” बाईंनी विचारलं.

“कचरा मी ठेवत नाही,” आरमार ताठ मानेने म्हणाले. वहिनींनी कपाळाला हात लावला.

मी म्हटलं, “बाई, जरा उठता का?”

बाई बसल्या होत्या तो बाक त्याच फळ्यांचा. मी आणि वहिनींनी तो उलटा केला. खाली होडीचा क्रमांक, तुटकी कड, धक्क्याच्या सिमेंटचे ओरखडे.

“तुम्ही आधी का नाही सांगितलंत?” वहिनी माझ्यावर घसरल्या.

“फळ्या हव्यात असं म्हणालं का कोणी? मला वाटलं, बाक परत मागाल.”

मग बाईंनी होडीजवळ जाऊन किल्लीने निळा रंग खरवडला. आरमारांनी डोळे मिटले. रंगाखालून ठळक अक्षरं निघाली, ‘ही बाजू वर’. तीही उलटी. बाई इतक्या हसल्या की त्यांना होडीच्याच काठाला धरावं लागलं.

क्लेम मंजूर झाला. माझा बाक पुराव्यात गेला, म्हणून आरमारांनी खोक्यांच्या फळ्यांचा नवा करून दिलाय. बसलं की करकरतो. नवी बाजू बघायला बाई पुन्हा आल्या, तेव्हा पहिल्या फेरीला आम्ही सगळेच चढलो. आरमार फडकं घेऊन वाकले, तर बाईंनी न सांगता पाय पुढे केला.

“हा स्वच्छ आहे,” आरमार म्हणाले. “दुसरा बघू.”