फुकटातला चौथा दिवा

एक दिवा विकत घ्यायला गेलेला माणूस चार दिवे घेऊन परत आला, तर तो माणूस हुशार असतो, असं माझं यंदाच्या दसऱ्यापर्यंत ठाम मत होतं.

तो माणूस मीच. नायगावहून देगलूरला जाणाऱ्या रस्त्यावर माझं पाइपांचं दुकान आहे. सायकलच्या कॅरिअरला नळ्यांची भेंडोळी बांधून मी गावोगाव हिंडलो, तिथून सुरुवात. आज दुकानाला तीन शटर आहेत. त्यात बापाचा एक रुपया नाही, सासऱ्याचा तर नाहीच. (हे मी सासुरवाडीच्या प्रत्येक लग्नात सांगतो. हल्ली मला थेट जेवणाच्या वेळेलाच बोलावतात.) माझ्यासारखा भाव करणारा माणूस नांदेड-लातूर पट्ट्यात दुसरा नाही, असंही मी सांगत असे. ते आता सांगत नाही.

या सगळ्याला कारण माझा साडू, वैजनाथराव. दोन वर्षांपूर्वी मी दुकान वाढवलं आणि पूजा ठेवली. साडू लातूरहून निघाला, अंधार पडल्यावर पोचला, आणि माझं दुकान ओलांडून सरळ पुढे गेला. परत फिरला, पुन्हा ओलांडलं. शेवटी समोरच्या ढाब्यावर चौकशी केली, आणि थांबलोच आहोत तर म्हणून तिथं जेवूनही घेतलं! मग पूजेला येऊन सगळ्या पाहुण्यांसमोर म्हणाला, “अंधारात म्हैस बसल्यासारखं दिसतंय तुमचं दुकान. हॉर्न वाजवला, हललं नाही, तेव्हा कळलं की दुकान आहे.”

पाहुणे हसले. भटजी हसले. माझी बायको तर पदर तोंडाला लावून आत पळाली.

ते वाक्य मी दोन वर्षं खिशात घालून हिंडलो. त्यामुळे या उन्हाळ्यात लातूरला माल आणायला गेलो असताना एका मंगल कार्यालयाच्या भिंतीला टेकवून ठेवलेले चार मोठे फोकस दिसले, तेव्हा टेम्पो मी थांबवला नाही, तो आपोआप थांबला. कार्यालयाच्या मैदानावरचे दिवे होते ते. एकेक दिवा परातीएवढा. मालक म्हणाला, काढून टाकलेत, विकायचेत.

मला एकच पाहिजे होता. पण समोरचा विकायला बसलाय हे कळल्यावर एकच मागणं हा धंद्याचा अपमान आहे. मी दिव्यांना नावं ठेवली. काचेवर बोट फिरवून बोटाकडे दुःखानं बघितलं. टेम्पोत जाऊन बसलो. त्यानं हाक मारली. असं तीन वेळा झालं, आणि तिसऱ्या वेळी तो स्वतः टेम्पोपर्यंत धावत आला. एकाच्या भावात तीन दिले. मी म्हणालो, चौथा वर टाका, नाहीतर राहू द्या. त्यानं तो स्वतःच्या हातानं टेम्पोत ठेवला आणि वर मला चहा पाजला. भाव करणं म्हणजे काय ते त्या दिवशी कुणीतरी शिकायला पाहिजे होतं! परत येताना साडूच्या घरावरून गेलो, पण थांबलो नाही.

तीन दिवे मी रस्त्याच्या बाजूला लावले. पहिल्या रात्री समोरच्या ढाब्याची पाटी दिसेनाशी झाली. ढाबेवाला रस्ता ओलांडून आला आणि म्हणाला, शेठ, माझी गिऱ्हाइकं डोळ्यावर हात धरून जेवून राहिलीत. माझी छाती दोन इंच फुगली.

राहिला चौथा. त्याला जागाच नव्हती. पण फुकटात मिळालेली वस्तू पडून राहिली की मला झोप येत नाही. म्हणून तो मी दुकानाच्या छतावर, मागच्या बाजूला तोंड करून लावला. मागं अक्काचं शेत आहे.

अक्का म्हणजे माझी थोरली बहीण. दाजी एसटीत ड्रायव्हर, त्यामुळे शेत पहिल्यापासून तिच्याच अंगावर. माझं दुकान उभं आहे तो रस्त्याकडेचा तुकडासुद्धा तिनंच मला दिलेला. (तेव्हाही मी भाव केला होता. ती फुकट देत होती, तरी सवयीनं.) त्या शेतात अक्का सोयाबीनचं बियाणं करते. पीक एकसारखं पिकवायचं, हातानं निवडायचं, ओल्या गोणपाटात शंभर दाणे गुंडाळून किती उगवतात ते बघायचं, आणि मगच पोतं शिवायचं. आसपासच्या गावांतले लोक पेरणीच्या आधीच सांगून ठेवतात. अक्काचं बियाणं उगवलं नाही, हे वाक्य आमच्या भागात अजून कुणाच्या तोंडून निघालेलं नाही.

दुसऱ्या दिवशी अक्का डोक्यावर पाटी घेऊन दुकानात आली.

“माध्या, तुझा दिवा माझ्या शेतात काय बघून राहिलाय?”

“डुकरं येणार न्हाईत, अक्का. फुकटची राखण.”

“डुकरं मका खायला येत्यात. मी सोयाबीन पेरती.”

मी म्हणालो, मग शोभा समज. तिनं दिव्याकडे एकदा, माझ्याकडे एकदा बघितलं आणि गेली. पन्नाशीच्या, तीन शटरवाल्या माणसाला अजून माध्या म्हणणारी ती एकच बाई आहे, आणि तिच्यासमोर माझा आवाज आपोआप सातवीतला होतो.

पावसाळा लागला आणि सगळ्या तालुक्यातली दिव्यावर झेपावणारी पाखरं माझ्याकडे मुक्कामाला आली. सकाळी शटर उघडायच्या आधी ती फावड्यानं ओढावी लागत. पाखरांमागं बेडूक आले, आणि दिवसा उन्हाचं कुठं बसावं म्हणून ते पाइपांत शिरले. देगलूरच्या एका गिऱ्हाइकानं दहा पाइप घेतले, उचलून तिरपे धरले, तर प्रत्येकातून एकेक बेडूक खाली. त्यानं शांतपणे विचारलं, बेडकाचे वेगळे लागत्यात का? मग बेडकांमागं जे यायचं तेही आलं. पाच हात लांब होतं. दोन दिवस मी दुकान रस्त्यावर खुर्ची टाकून चालवलं.

ढाबेवाल्याचा कोंबडा मध्यरात्रीच आरवायला लागला. बायको म्हणाली, गच्चीवर आडवं झालं की पूर्वी चांदण्या दिसायच्या, आता तुमचीच कृपा दिसते. मी कुणाचंच मनावर घेतलं नाही. दुकान दिसत होतं!

श्रावणात अक्काचं सोयाबीन बघण्यासारखं झालं. त्यातही माझ्या दुकानाकडचा पट्टा जास्त उंच, जास्त हिरवा. मी येणाऱ्या-जाणाऱ्याला हात धरून दाखवत असे. माझ्या दिव्याचा गुण, म्हणत असे. दोघा शेतकऱ्यांना तर मी असे दिवे आणून देतो म्हणूनही सांगितलं होतं.

अक्का मात्र रोज त्या पट्ट्यात वाकून काहीतरी शोधायची. एक दिवस म्हणाली, “पलीकडं शेंगा भरत आल्या. इकडं अजून फूल न्हाई.”

माझं डोकंच फिरलं. दिव्यावर नव्हे, औषधाच्या दुकानदारावर. अक्कानं फवारणीचं त्याच्याकडूनच नेलं होतं. मी नायगावला जाऊन त्याच्या काउंटरवर असा हात आपटला की बाटल्या नाचल्या. तो बिचारा पावत्या दाखवत होता, सगळ्या शेताला एकच औषध गेलंय म्हणत होता, आणि ते खरं होतं. पण खरं-खोटं करत बसलं तर भाव कधी करायचा? शेवटी त्यानं मला घालवण्यासाठी वाढीच्या टॉनिकच्या दोन बाटल्या फुकट दिल्या. मी विजयी होऊन परतलो आणि त्या हिरव्या पट्ट्यावर स्वतः फवारल्या.

पट्टा आणखी हिरवा झाला.

भादवा सरत आला. बाकीचं शेत पिवळं पडलं, पानं गळाली, शेंगा वाजायला लागल्या. आणि मधोमध, माझ्या दुकानापासून सुरू होऊन पुढं पुढं रुंदावत गेलेला, हिरवागार पंखा. अक्काचा चेहरा मी तसा कधी बघितला नव्हता. बियाणं एकसारखं पिकायला पाहिजे. हिरवे दाणे त्यात मिसळले की उगवण गेली, आणि उगवण गेली की अक्काचं नाव गेलं. एवढ्या वर्षांत तिनं दुसरं काहीच जमवलेलं नव्हतं.

एका दुपारी तिनं मला शेतात बोलावलं. हिरव्या पंख्याच्या मधोमध एक पिवळा तुकडा होता, दोन बैलगाड्या उभ्या राहतील एवढा. तिथं सोयाबीन व्यवस्थित पिकलं होतं.

“वाक,” अक्का म्हणाली.

“कशाला?”

“वाक. सोयाबीनएवढा हो.”

मी उकिडवा बसलो. समोरच्या ढाब्यावरची माणसं चहा सोडून बघायला लागली.

“आता दुकानाकडं बघ. तुझा दिवा दिसतो का?”

मी मान वळवली. दिवा दिसेना. मध्ये माझ्या छतावरची पाण्याची काळी टाकी येत होती.

“आता तसाच हिकडं सरक.”

मी उकिडव्यानंच, बदकासारखा, हिरव्यात सरकलो. टाकीच्या कडेनं चौथा दिवा हळूच बाहेर आला आणि त्यानं माझ्याकडे बघितलं. परत पिवळ्यात सरकलो, गेला. हिरव्यात आलो, आला.

“पिकाला रात कळावी लागती, माध्या,” अक्का माझ्या डोक्यावर उभी राहून म्हणाली. “दिवस लहान होऊन राहिले, आता फुलायला पाहिजे, हे त्याला अंधारावरूनच कळतं. ह्याला सांगणार कोण? ह्याच्याकडं चोवीस तास तुझं दुकान उघडं हाय.”

तीन महिने मी त्या शेताकडे तोंड करून बसलो होतो. औषधवाल्याशी भांडलो, टॉनिक मारलं, लोकांना हात धरून दाखवलं. आणि या चौथी शिकलेल्या बाईनं एक टाकी आणि एक भाऊ एवढ्या सामानावर गुन्हेगार पकडला. पुढं कृषी सहायक आले. त्यांनी अक्कानं दोन वाक्यांत सांगितलेलं अर्ध्या तासात अवघड करून सांगितलं, आणि जाताना म्हणाले की टाकीचं माझ्या लक्षात आलं नसतं. मी तिथंच उभा होतो. मला उगाच अभिमान वाटला, जसा काही टाकीचा शोध मीच लावला.

आता भरपाई. मी रात्रभर तयारी केली होती. अक्का किती मागेल, मी कुठून सुरुवात करीन, कुठं थांबीन, सगळं ठरवून तिच्या ओसरीवर गेलो आणि म्हणालो, स्प्रिंकलरचे पाच पाइप देतो.

अक्का सोयाबीन निवडत होती. निवडतच राहिली.

मी आठ म्हणालो. ती खडा काढून बाजूला टाकत होती. मी बारा म्हणालो, नोझलसकट. आयुष्यात पहिल्यांदा मी असा सौदा करत होतो ज्यात समोरचा गप्प होता आणि भाव मीच वाढवत होतो. अख्खा संच म्हणालो. वर बसवून देतो म्हणालो.

“पाइप ठेव तुला,” अक्का म्हणाली. “मला अंधार पाहिजे. हाय का दुकानात?”

माझ्याकडे सगळ्या साइजचा माल असतो. हा नव्हता.

त्या संध्याकाळी चौथा दिवा उतरवला. पुढचे दोन काढून आत ठेवले. जो एक राहिला त्याला तेलाच्या डब्याचा पत्रा कापून टोपी घातली, म्हणजे उजेड पायरीवरच पडेल, आणि शटर ओढलं की तोही बंद. तिसऱ्या रात्री बायकोनं मला गच्चीवर बोलावलं. वर चांदण्यांचा नुसता सडा पडला होता. कोंबडासुद्धा वेळेवर झोपला होता.

अक्कानं बाकीचं शेत आणि टाकीमागचा तो पिवळा तुकडा, एवढंच बियाण्याला ठेवलं. हिरव्यातला एक दाणा त्यात जाऊ दिला नाही. बियाणं कमी पडलं, तर सांगून ठेवलेल्या चार घरी ती स्वतः चालत गेली आणि म्हणाली, यंदा पुरणार न्हाई, पट्टा हिरवा राहिला. का राहिला, हे तिनं एकाही घरी सांगितलं नाही. बाकीच्यांना दिलं ते गोणपाटात शंभरात पंचाण्णव उगवलेलं दिलं.

हिरवा पट्टा तिच्या म्हशींना घालायचं ठरलं आणि कापायचं काम मी मागून घेतलं. बाकी शेत रिकामं झाल्यावर तो पंखा एसटीतूनसुद्धा दिसायचा. दाजी म्हणाले, प्रवासी विचारतात हे काय आहे, मी सांगतो मेहुण्याचं आहे.

दसऱ्याला मी विळा घेऊन त्यात बसलो असताना लातूरची गाडी आली. यावेळी साडू कुठं चुकला नाही. बरोबर दुकानासमोर थांबला, खाली उतरला, पंख्याकडे बघत बांधापर्यंत आला आणि म्हणाला, “चला, आता दुकान दिवसासुद्धा दिसतंय.”

अक्कानं त्याला पाणी दिलं. आपट्याची पानं दिली-घेतली, आणि साडू आरामात बांधावर बसला.

“आमच्या कॉलनीमागं मंगल कार्यालय आहे, तिथं गेल्या वर्षी हेच झालं,” तो अक्काला सांगू लागला. “मैदानावरचे दिवे मागच्या सोयाबीनवर. अर्धं पीक हिरवं. शेतकरी रोज दारात येऊन बसायचा. शेवटी मालकानं दिवे उतरवले, तर भंगारवालाही घेईना.”

“मग?” अक्का म्हणाली.

“मग आला कुणीतरी एक. एकच दिवा घ्यायला आला होता, भांडून चार घेऊन गेला. तीनदा टेम्पोत जाऊन बसला म्हणे. मालक अजून सांगतो, तिसऱ्यांदा तर पळतच गेलो, म्हटलं खरंच निघून जातो की काय!”

माझा विळा थांबला. अक्कानं माझ्याकडे बघितलं. एका शब्दात तिला माझी उरलीसुरली अब्रू काढता आली असती.

“लई हुशार माणूस असंल,” ती साडूला म्हणाली आणि रिकामा तांब्या उचलून घराकडे गेली.

मी वर बघितलं नाही. मी तेव्हा सोयाबीनएवढा होतो.