ते लोक काऊन गेले?

विज्ञानकथेच्या खेळांमध्ये एक वापरून वापरून पार झिजलेली युक्ती आहे आणि ती मला आता बघवत नाही. कुठल्याशा ग्रहावर फार पूर्वी फार हुशार लोक राहत होते. त्यांनी अचाट यंत्रं बनवली आणि एके दिवशी ते गायब झाले. मग खेळणारा तिथे पोचतो, दगडी दाराला हात लावतो आणि हजारो वर्षं बंद असलेलं यंत्र निळा उजेड पाडत सुरू होतं. ना कुठे गंज, ना उंदरांनी कुरतडलेली वायर. आंजी गावातल्या आमच्या किराणा दुकानातला पंखा एका पावसाळ्यात जाम व्हायचा.

असला पहिला खेळ मी पाहिला तो अठ्ठ्याण्णव साली. त्याच वर्षी बाबा घरातून निघून गेले होते. माल आणायला वर्ध्याला म्हणून गेले, ते आलेच नाहीत. भांडण नाही, चिठ्ठी नाही. मी आठ वर्षांचा होतो. बाबा का गेले असं आईला विचारलं की ती म्हणायची, "कोणालेच मालूम नाई बेटा." शेजारीपाजारी, पाहुणे, सगळे तेच म्हणायचे. शेवटी मी विचारणं सोडलं.

दादा तेव्हा पंधरा वर्षांचा. शाळा सांभाळून दुकानही त्याच्यावर आलं. रविवारी माल घ्यायला वर्ध्याला जाताना तो मला सोबत न्यायचा आणि दुपारी आम्ही मामाकडे थांबायचो. मामाकडे सुटे भाग जोडून बनवलेला कॉम्प्युटर होता. दादा खेळायचा, मी बाजूला स्टुलावर. पडद्यावर ते प्राचीन लोक आणि त्यांच्याबद्दलचा इंग्रजी मजकूर आला, की माझा एकच प्रश्न, "काऊन गेले ते?"

दादा मजकूर वाचायचा आणि दर वेळी वेगळं सांगायचा. पहिल्या खेळातले लोक मशीनचा पार्ट आणायला गेले होते, तो मिळेना म्हणून तिकडेच अडकून पडले. दुसऱ्यातल्यांची विहीर आटली, तर ते पाणी शोधायला गेले, पण जाताना दिवे चालू ठेवून गेले. तिसऱ्या खेळात भावाभावांत वाटणी झाली. एकाने चाक नेलं, दुसऱ्याने पट्टा, म्हणून यंत्र बंद. मला सगळं पटायचं. घरी आल्यावर मी ते आईलाही सांगायचो.

पुढे मी सावंगीला शिकायला गेलो. वसतिगृहात एकाकडे तोच पहिला खेळ सापडला. एव्हाना मला इंग्रजी येत होतं. पार्टची गोष्ट कुठे येते ते शोधत मी चार दिवस खेळलो. ती नव्हतीच. ते लोक कुठे गेले, का गेले, कोणालाच माहीत नाही, एवढंच लिहिलेलं होतं. मग बाकीचे खेळही मिळवले. सगळीकडे तेच. लिहिणाऱ्यांनी कारण शोधायचे कष्टच घेतले नव्हते. मला त्यांचा राग आला आणि दादाचं हसू. दहावीला इंग्रजीत तो जेमतेम काठावर पास झालेला. गड्याला वाचताच येत नव्हतं, मनाला येईल ते ठोकून द्यायचा, असं मी ठरवून टाकलं.

त्या रविवारी घरी गेलो. दादा दुकानात साखरेच्या पुड्या बांधत होता. मी टिंगल करतच म्हणालो, "दादा, निस्त्या थापा मारत होता तू. तुले तं इंग्रजी वाचताच येत नव्हतं."

"येत होतं," तो म्हणाला. "तेवढं तं येतच होतं."

"मंग?"

त्याने दोरा तोडला. "कोणालेच मालूम नाई, असं लिहून होतं तिथं. घरीदारी तेच आयकून राह्यला होता तू. खेळातबी तेच सांगू का तुले?"

मला लाज वाटली. बाबांची अजूनही काही खबर नव्हती. काहीतरी बोलायला हवं म्हणून मी विचारलं, "अन् तुले कोण सांगे?"

"मले?" दादाने पुढचा कागद ओढला. "मी मोठा होतो."