गोरं करायची सेटिंग

लग्नाचे फोटो काढण्याच्या धंद्यात माझी शिस्त अशी, की फोल्डरला जेवणाचं नाव द्यायचं. ‘वरण-बट्टीवालं लग्न’ म्हटलं की सगळं आठवायचं. जळगावात जिथे तिथे वरण-बट्टीच असते, हे माझ्या तल्लख डोक्यात जरा उशिराच शिरलं. एका नवरीच्या अल्बममध्ये दुसरीचा नवरा जाऊन बसला, तेव्हा मी सुधारायचं ठरवलं.

मग रॉ, म्हणजे कॅमेऱ्यातून निघालेल्या कच्च्या फोटोंचं सॉफ्टवेअर घेतलं. आधी कॉपी, मग गावाच्या नावाचं फोल्डर, मग निवड, आणि शेवटी रंग. एका फोटोवरची सेटिंग एका क्लिकमध्ये सगळ्यांवर चढते. मी चेहरे गोरे करणारी खास सेटिंग बनवली, कारण गिऱ्हाइकांना दुसरं काही नकोच असतं. उन्हातान्हात कापूस वेचलेली अख्खी वऱ्हाडं मी बसल्या जागी काश्मीरला नेऊन सोडली.

असोद्याच्या एका लग्नाचे फोटो बघायला नवरीचे वडील आणि आत्या आले. नवरीची आई वर्षापूर्वी वारलेली. पोरगी हुबेहूब आईसारखी दिसते, असं मांडवात जो तो म्हणत होता आणि वडील तोंड फिरवून डोळे पुसत होते. आत्यांना काळजी देवपूरच्या व्याह्यांची.

“पोरीले गोरी करा भाऊ. ते लोकं अल्बम गावभर दाखवतीन.”

केली. आत्या खूश झाल्या. माझा हात कोण धरणार, अशा थाटात मी खुर्चीत रेललो.

वडील स्क्रीनकडे बघत राहिले. “ही कोनाची पोरगी हाये?” त्यांनी विचारलं. चेष्टा नव्हती. मला वाईट वाटलं, धंद्याला परवडेल इतपत.

रॉचं एक बरं असतं, मूळ फोटो आत तसाच राहतो. मी सेटिंग काढली. सावळी, घामानं हळद ओघळलेली, मोठ्यानं हसणारी पोरगी समोर आली.

“काळी दिसते ना,” आत्यांनी नाक मुरडलं.

“तिची माय अशीच व्हती.” वडील उठून स्क्रीनच्या अगदी जवळ गेले. “अल्बमात टाका काय टाकायचं ते. हा तेवढा मोठा करून द्या, माले घरात लावायचा हाये. तिच्या मायचा असा हासता फोटू कोनी काढलाच नाही.”